थोरल्या जावेचं दूध

माझी बाळंतपणाची रजा बाळ पोटात असतानाच निम्मी संपली. डॉक्टरीणबाईंनी सातव्या महिन्यात पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं, आणि मी पंख्याकडे बघत पडून राहिले. मुलगा झाला तेव्हा शिल्लक रजा एवढीच होती की तो जेमतेम मान धरायला लागला आणि मला कामावर परत जावं लागलं.

मी बियाणं तपासण्याच्या एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते. प्रयोगशाळा अमरावतीला, घर अकोल्याला, जठारपेठेत. कपाशीचं, सोयाबीनचं बियाणं विकायला जाण्याआधी ते कितपत उगवतं हे आम्ही बघतो. हे सगळं पेरणीच्या आधी उरकावं लागतं, म्हणजे उन्हाळा हाच आमचा मोसम. साहेबांनी फोनवर विचारलं होतं, "मॅडम, एप्रिलमध्ये याल ना?" आवाजात दटावणी नव्हती, काळजी होती. दटावणीला काहीतरी उत्तर देता येतं. काळजीला मी हो म्हणाले.

सकाळी उठून त्याला झोपेतच पाजायचं. मग स्वयंपाक, अंघोळ, आणि निघताना पुन्हा एकदा पाजायचं. दुसऱ्यांदा तो नुसता चाळा करायचा, माझं लक्ष घड्याळाकडे. अकोल्याहून गाडी, बडनेऱ्याला उतरून ऑटो. एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर निळी पिशवी. त्या पिशवीत दूध काढायचा पंप, धुतलेल्या बाटल्या, बर्फाच्या पिशव्या आणि माझा डबा. डब्यातली पोळी बर्फाने रोज थंडगार व्हायची. ती तशीच खायची मला सवय झाली.

दूध काढायला बसायचं कुठे, याचा विचार ना साहेबांनी केला होता ना मी. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "सर, मला मधून मधून थोडा वेळ लागेल." त्यांना कळलं. त्यांनी पंख्याकडे बघत सांगितलं, "हो हो, घ्या ना. स्टोअरला आतून कडी आहे." पण स्टोअरमध्ये बियाण्याला लावायच्या औषधाचा वास भरलेला असतो, गुलाबी भुकटी बोटांना लागते. तिथे बाळाचं दूध काढायला माझं मन धजेना. शेवटी मी उगवणीच्या खोलीत बसायला लागले. तिथे ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांमध्ये बी ठेवलेलं असतं. खोली स्वच्छ, दमट आणि कोमट. दाराबाहेर मी माझा ॲप्रन अडकवायची. ॲप्रन दिसला की आत यायचं नाही, हे कोणी न सांगता सगळ्यांना समजलं. पंपाचा घर्र-घर्र आवाज मात्र बाहेर जायचा. नव्याने लागलेला एक मुलगा एकदा विचारत होता, "आतलं मशीन बिघडलं का?" कोणीतरी त्याला गप्प केलं.

पहिले काही आठवडे बरे गेले. बाटल्या भरायच्या, आणि संध्याकाळी फ्रिजमध्ये त्या ओळीने ठेवताना मला बरं वाटायचं. मग दूध कमी व्हायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जितकं काढाल तितकं येईल. वेळ चुकवू नका." पण वेळ चुकायची. नमुन्यांच्या पिशव्या दारापर्यंत साचलेल्या, अहवाल मागणारे फोन सारखे वाजणारे. दुपारी उठू म्हणता म्हणता संध्याकाळ व्हायची. कधी पंप लावून बसायचे आणि काहीच यायचं नाही. फोनवर त्याचा फोटो बघायचे, डोळे मिटायचे, त्याच्या टाळूचा वास आठवायचा प्रयत्न करायचे. बाहेरून साहेबांचा आवाज यायचा, "मॅडम, हिंगणघाटचे नमुने तुम्ही बघितले का?" आणि जे येणार होतं तेही परत जायचं.

उपाय सगळ्यांकडे होते. सासूबाईंनी अळिवाची खीर लावली. माझ्या आईने मेथीचे लाडू पाठवले. शेजारच्या काकूंनी शतावरीचा डबा आणून दिला. गाडीत रोज भेटणाऱ्या एका शिक्षिकेने लसणाची खीर सांगितली. मी सगळं खाल्लं. अंगाला मेथीचा वास यायला लागला, बाळाच्या लाळेलाही. नवरा म्हणायचा, "जास्त टेन्शन घेऊ नको, टेन्शनने कमी होते." हे ऐकलं की मला नवं टेन्शन यायचं.

अशात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते आधीच लांबलेलं, आता पुढे ढकलणं शक्य नव्हतं. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही. मग दिवसभर बाळाला सांभाळणार कोण? नवऱ्याने हिवरखेडला भावाकडे फोन लावला आणि थोरल्या जाऊबाई आल्या.

त्यांचं घर शेतीचं. वांगी, टोमॅटो, झेंडू पिकवायचे आणि बाजाराला न्यायचे. त्या स्वतः तोडणीपासून टोपली भरण्यापर्यंत सगळं करतात. मोठी मुलगी सुट्टीत आजोळी गेली होती आणि धाकटी कडेवर होती, माझ्या मुलाहून सहाएक महिन्यांनी मोठी, दोन दात आलेली. जाऊबाई एका पिशवीत स्वतःचे कपडे आणि दुसऱ्या पिशवीत आमच्यासाठी वांगी घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "काहून वो, इतकी काहून वाळली? माहेरचं कोणी ओळखणार नाई तुले."

आमचं फारसं एकत्र राहणं झालेलं नव्हतं. लग्नात, सणाला, तेराव्याला भेटायचो. त्या मला तू म्हणायच्या आणि मी त्यांना ताई. मी त्यांना फ्रिजमधल्या बाटल्या दाखवल्या, जुनी आधी वापरायची, गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, उरलेलं टाकून द्यायचं, हे समजावलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. फक्त शेवटी म्हणाल्या, "टाकून द्याचं? तुहं दूध?"

पहिले काही दिवस सुरळीत गेले. दुपारी मी फोन करायची, त्या सांगायच्या, "पेला. झोपला. तू जेव." एवढंच. मला ते बरं वाटायचं.

मग एका संध्याकाळी आमची गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे थांबली. पुढे काहीतरी तुटलंय असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं मालगाडी अडकली. डब्यात वारा नाही, पाणी संपलेलं. त्या दिवशी प्रयोगशाळेत मला दुपारचं दूध काढायला मिळालं नव्हतं. हळूहळू छाती दगडासारखी झाली. शेजारी कोणाचं तरी तान्हं मूल रडलं आणि माझी ओढणी पुढून ओली झाली. समोर बसलेल्या म्हातारीने विचारलं, "बाई, काही सांडलं काय?" मग तिचं तिलाच कळलं. तिने मला खिडकीकडे सरकायला लावलं, आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "धरून बस. दिसत नाई." मी ती पिशवी छातीशी धरून बसून राहिले. गाडी हलली तेव्हा उन्हं कलली होती.

घरी पोचले तर दार नुसतं लोटलेलं. बैठकीत कूलरसमोर जाऊबाई चटईवर बसल्या होत्या. त्यांची मुलगी बाजूला वाटीशी खेळत होती, आणि माझा मुलगा त्यांच्या पदराखाली होता. पदर अर्धवट सरकलेला. तो पीत होता. डोळे मिटलेले, एक मूठ त्यांच्या काळ्या पोतीभोवती आवळलेली. त्याचा तो घुटक-घुटक आवाज मी ओळखला. पोटभर मिळत असलं की तो तसा प्यायचा. माझ्याकडे तसा आवाज कित्येक दिवसांत आला नव्हता.

जाऊबाई दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "हातपाय धू. झोपला की देते तुले."

मी पिशवी खाली ठेवली नाही. "बाटली घेतली नाही का त्याने?"

"दोनदा देल्ली. तोंड फिरवून राहिला होता. मंग रडून रडून निळा झाला. मी काय करू, पाहत राहू?"

"मला फोन करायचा."

"आन् फोन केल्यावर तू गाडीतून उडी मारणार होती काय?"

डोळ्यावर काळा चष्मा लावून पलंगावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "घरातलंच दूध आहे बापा. कोणाचं काय गेलं?"

मी न्हाणीघरात गेले. छाती इतकी ताठली होती की हात लावता येईना. गरम पाण्याचा तांब्या ओतत मी हातानेच दूध काढलं. ते पाण्यात मिसळून मोरीत गेलं. कितीतरी होतं. इतके दिवस बाटलीत थेंब थेंब पडत होतं, आणि आज इतकं होतं की सांडायला लागलं. मी तिथे उकिडवी बसून रडले. नळ चालू ठेवला होता.

नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलं. आईच्या फोनमुळे त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. तो म्हणाला, "बरंच झालं ना. वहिनी नसती तं काय केलं असतं आपण?" हे बरोबर होतं. म्हणूनच मला त्याच्याशी पुढे बोलावंसं वाटलं नाही.

त्यानंतर ते रोजचंच झालं. एकदा गोडी लागल्यावर त्याने बाटलीला तोंडच लावलं नाही. जाऊबाईंनी काही लपवलं नाही. फोनवर सरळ सांगायच्या, "मी पाजलं. झोपला." मी ठीक आहे म्हणायची आणि उगवणीच्या खोलीत जाऊन पंप लावायची. कोणासाठी लावत होते कोण जाणे. घरच्या बाटल्या तशाच राहात होत्या. एकदा दुपारभर लाइट गेले आणि त्या सगळ्या नासल्या. जाऊबाईंनी त्या तुळशीच्या कुंडीत ओतल्या. मोरीत ओतायला जीव झाला नाही म्हणाल्या.

सगळ्यात वाईट संध्याकाळ असायची. मी धावतपळत यायची, त्याला घ्यायची, आणि त्याचं पोट भरलेलं. तो माझ्याकडे बघून हसायचा, दोन घोट घ्यायचा आणि मान फिरवायचा. गुटगुटीत होत होता. वजनकाटा बघून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "बघा, म्हणत होते ना, येईल दूध." मी त्यांना काही सांगितलं नाही. तो ओढत नव्हता म्हणून माझं आणखी कमी होत होतं, आणि ज्यांना त्यासाठी बोल लावावा त्या माझ्या आधी उठून माझा डबा भरत होत्या.

एका रविवारी सासूबाईंना डोळे दाखवायला नवरा आणि जाऊबाई घेऊन गेले. दोन्ही मुलं माझ्याजवळ. मधेच त्यांची मुलगी उठली आणि आईला शोधत रडायला लागली. वरणभात भरवला, थुंकला. कडेवर घेऊन गल्लीत फिरवलं. शेवटी मला वाटलं, का नाही? मी दार लावलं आणि तिला जवळ घेतलं. तिने एकदा तोंड लावलं, थांबली, मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. भुवया आक्रसलेल्या. एखाद्या ओळखीच्या घरात शिरून ते भलत्याचंच निघावं तसा तिचा चेहरा झाला. मग ती दुप्पट जोराने रडायला लागली. मी तिला खाली ठेवलं. तिला तिची आईच हवी होती. माझ्या मुलाला मात्र दुसरीचं चाललं होतं. मला हसूही आलं आणि नंतर कितीतरी वेळ काही सुचेना.

त्याच दुपारी जाऊबाई परत आल्यावर मी बोलले. त्या भाजी निवडत होत्या.

"ताई, एक सांगू का? उन्हं उतरली की त्याला पाजू नका. मी येईपर्यंत भुकेला राहू द्या."

त्यांचा हात थांबला. "रडला तं?"

"रडू द्या."

"तुले सांगणं सोपं आहे. तू तिकडं असते. मले ऐकू येते. तो रडला का मले पान्हा फुटते, मी काय करू?"

"मग माझं आटून जाईल, ताई."

त्या पुन्हा शेंगांच्या शिरा काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोठीच्या वख्ती माहं आटलं होतं. पेरणीचे दिवस होते. घरी म्हाताऱ्यापाशी ठेवून मी वावरात जात जाऊ. दुपारी घरी यायले कोणी सोडे नाई. छाती भरली का धुऱ्यावर बांधाच्या आडोशाले बसून मातीत पिळून टाको. पंधरा-वीस दिवसांत सारं बंद. मंग गाईचं पाजलं. कोणी इचारलं नाई का तुले काय वाटते." त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली. "बरं. नाई पाजणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी होते तेव्हाच त्याचं रडणं ऐकू आलं. मी पळत सुटले. जाऊबाई त्याला खांद्यावर घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. केस सुटलेले, ब्लाउज पुढून ओलाचिंब. त्यांची स्वतःची मुलगी दारात बसून वेगळी रडत होती. मला बघताच त्यांनी त्याला माझ्या हातात जवळपास कोंबलं. "घे बाई. तुह्या शब्दापायी लेकराले रडवलं मी."

मी चपलाही काढल्या नाहीत. उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसले आणि त्याला घेतलं. त्याने झडप घातली. आधी चिडून ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मग दूध उतरलं. घुटक, घुटक. समोरच्या भिंतीला टेकून जाऊबाई बसल्या आणि त्यांनी त्यांच्या मुलीला घेतलं. कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसती गरम हवा येत होती. उठून पाणी ओतायची ताकद दोघींतही नव्हती. सासूबाई आतून विचारत होत्या, "झालं काय शांत?" जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं होतं मी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "उद्या लवकर ये." मी म्हणाले, "येईन." माझ्या हातात काहीच नव्हतं, गाडी तिच्याच वेळेला येणार होती.

त्यांनी दिलेला शब्द पाळला. दिवसा त्या पाजायच्या, संध्याकाळी तो माझा. माझं दूध पहिल्यासारखं झालं नाही, पण टिकलं. मी दुपारी उगवणीच्या खोलीत जाणं सोडलं नाही. जे यायचं ते घरी आणायची आणि जाऊबाई ते त्याच्या नाचणीच्या पेजेत घालायच्या. सोमवारी सकाळी निघताना आता मी पूर्वीसारखी दारातून मागे वळायची नाही. आणि कधी कधी गाडीत बसल्यावर आठवायचं की तो आता त्यांच्याकडे पीत असेल, आणि मी फोनमधला त्याचा फोटो उघडायचे.

पेरणी जवळ आली तशा जाऊबाई परत गेल्या. दीर मोटरसायकल घेऊन आले होते. निघताना त्यांनी माझ्या मुलाला घेतलं नाही. लांबूनच म्हणाल्या, "घेतलं तं रडीन मी." त्यांची मुलगी मात्र मागे वळून वळून त्याला हाका मारत होती, तिला येणाऱ्या एकाच अक्षरात. पुढचे काही दिवस तो दुपारी फार रडला. सासूबाईंनी वाटी-चमच्याने माझं दूध पाजलं, पेज भरवली. तो हट्ट करून थकला आणि मग घ्यायला लागला. तिकडे हिवरखेडला जाऊबाईंना ताप आला, छातीत गाठी झाल्या. दोघांना पाजणारं शरीर एकाएकी एकीवर आलं होतं. मी फोनवर गरम पाण्याचा शेक सांगितला, दाबून मोकळं करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोबीचं पान बांधलं मी. बरं वाटून राहिलं. तू नको घाबरू." नंतर कितीतरी वेळ फोन ना मी ठेवला ना त्यांनी.

पावसाळा संपता संपता उगवणीच्या खोलीत पंप लावला तर बाटलीचा तळ जेमतेम झाकला जाई. कामाचा मोसमही संपला होता, आता मला वेळच वेळ होता. तरी मी आणखी काही आठवडे पिशवी वाहिली. मग एक दिवस ती घरीच राहिली. विसरून नाही. खांद्याला घेतली आणि परत ठेवली. गाडीत एक हात मोकळा होता, त्याचं काय करावं ते मला समजत नव्हतं. साहेबांनी दुपारी दाराबाहेर ॲप्रन दिसला नाही म्हणून विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" मी बरी आहे म्हणाले.

सकाळचं आणि संध्याकाळचं पाजणं मात्र तो वर्षाचा होऊन पुढेही चाललं. संक्रांतीला आम्ही हिवरखेडला गेलो. तो नव्याने चालायला लागला होता. जाऊबाई ओट्यावर बसून झेंडूच्या माळा करत होत्या. तो त्यांच्याकडे गेला, त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहिला, फुलांची एक मूठ घेतली आणि निघून आला. त्याला काही आठवत असावं असं वाटलं नाही. जाऊबाई त्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "पाय बारीक आहेत, पण अंग भरलं." मी त्यांच्या शेजारी बसले आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

परत आल्यावर एका सकाळी तो उठला, माझ्यावरून ओलांडून खाली उतरला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. आजीकडे पोळी मागत होता. मी गाउनची बटणं सोडून पडले होते. वाटलं, येईल. आतून त्याचा आणि सासूबाईंचा आवाज येत होता, पोळीला तूप लावायचं की गूळ, असं काहीतरी. मी थोडा वेळ तशीच पडून राहिले. मग उठले, बटणं लावली आणि अंघोळीला गेले. गाडीची वेळ झाली होती.